मोहरी तडतडली नाही ते दिवस

या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना मनातल्या मनात दुरुस्त्या करत बसते. माडीवर पावलं वाजली — उंदीर असतील. दिवा आपोआप विझला — वारा असेल. वर्ध्याला कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्याची ही खोड. अंगात येणं, कौल लावणं, उतारे टाकणं, यातलं काहीच आमच्या घरात नव्हतं. बाबा शाळेत मास्तर होते, घरची थोडी शेती होती, आणि अमावास्येच्या दिवशीसुद्धा ते खुशाल नांगर धरायचे. तेव्हा मी जे लिहिते आहे ते वाचून तुम्ही मनात दुरुस्त्या केल्यात तर मला राग येणार नाही. मी स्वतः खूप करून पाहिल्या.

यंदाच्या थंडीत माझी आई गेली. वय झालं होतं, सगळे जवळ होतो, मीही होते. तिच्या जाण्याबद्दल तक्रार नाही. पण ती गेल्यापासून बाबांच्या जाण्याची आठवण रोज येते. कारण बाबा गेले तेव्हा मी नव्हते… आणि ते गेले हे मला कुणी सांगितलंही नव्हतं.

साल १९७८. आमचं गाव नाचणगाव, पुलगावला अगदी लागून. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. वर्ध्याजवळच्या एका संस्थेत तेव्हा परदेशी माणसं सेवेसाठी येऊन राहत. त्यातल्या एका इंग्रज जोडप्याशी बाबांची ओळख झाली होती — बाबांना इंग्रजी बोलायची हौस, आणि त्या दोघांना कुणीतरी हिंदी शिकवणारं हवं होतं. त्यांनीच सुचवलं की मुलीला वर्षभर आमच्या देशात पाठवा, वृद्धांच्या एका घरात मदतनीस म्हणून राहील, राहणं-खाणं आणि थोडा हातखर्च मिळेल. आजकालची मुलं याला गॅप इयर म्हणतात. आमच्याकडे तेव्हा याला ‘पोरीचं डोकं फिरलं’ म्हणत. आत्या तर — बाबांची मोठी बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहायची — तोंडावर म्हणाली, “लग्न करायचं सोडून म्हाताऱ्या धुवाले चालली!”

बाबा शांतपणे म्हणाले, “एक वर्ष बाहेरचं पाहून येऊ दे तिले. एम.एस्सी. काई पळून नाई चालली, अन् नवरदेवही नाई.”

जायच्या आदल्या दिवशी बाबांनी एका काचेच्या बरणीत मोहरी भरली. आमच्याच वावरातली, गव्हाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेरलेली, त्यांनी स्वतः पाखडून उन्हात वाळवलेली. आई म्हणाली, “अन् विमानात सांडली म्हंजे?”

“सांडली तं इंग्रजाच्या देशात उगवन,” बाबा म्हणाले. “प्रमे, तिकडं समदं मिळत असन, पण उपाशी राहू नोको. रोज वरणाले फोडणी देत जा. तेवढं केलं की माणसाले घर वाटते.”

निघताना ते पुलगाव स्टेशनवर आले होते. गाडी हलली तसे दोन-चार पावलं चालले आणि थांबले. त्यांच्या गुडघ्याला त्रास होता. तेच त्यांचं शेवटचं दर्शन.

तिकडचं गाव उत्तर इंग्लंडमधलं, लहान, राखाडी. लोक वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. पण परक्या देशात माणूस मोठ्या दुःखानं रडत नाही, बारीकसारीक गोष्टींनी रडतो, हे मला तिथं कळलं. न्हाणीघरात बादली नाही, तांब्या नाही. बेसिनला दोन नळ — एक भाजणारा, एक गोठवणारा — आणि कोमट पाणी नावाची गोष्टच नाही. न्हाणीघराच्या जमिनीवर गालिचा, त्यामुळे अंगावर पाणी ओतून घ्यायची चोरी. संडासात दुधाची रिकामी बाटली पाण्यानं भरून नेताना कुणी पाहिलं की मी ती पदराआड लपवायची. दुपारचं जेवण थंड. चहात दूध थंड. कपडे वाळता वाळत नाहीत, आठवडाभर ओलसर पायमोजे घालायचे. कुणाच्या घरी जायचं तर आधी कळवून जायचं. आमच्या गावात आधी कळवून येणारा माणूस म्हणजे जप्ती करायला आलेला कारकून! आणि माझं नाव प्रमिला — ते मेट्रनबाईंच्या तोंडी पहिल्याच दिवशी ‘पामेला’ झालं. मी दोनदा दुरुस्त केलं. त्या दोन्ही वेळा “सॉरी, डिअर” म्हणाल्या आणि पुन्हा पामेलाच म्हणाल्या. वर्षभर मी पामेला होते.

नाव नीट घेणारी एकच — मलर. जाफन्याकडची तमिळ मुलगी, माझ्याचसारखी वर्षभरासाठी आलेली, माझी खोलीतली सोबतीण. ती मला ‘प्रमिळा’ म्हणायची. म्हणजे जरा जास्तच नीट.

आम्हा दोघींना मागच्या बाजूचं एक छोटं स्वयंपाकघर वापरायची परवानगी होती, खिडकी उघडी ठेवायची अट घालून. विजेची शेगडी, एक छोटं पॅन. काम संपलं की मी डाळ शिजवायची आणि बाबांच्या बरणीतली मोहरी तेलात टाकायची. ते सगळं घर इतकं गप्प असायचं की चमचा पडला तरी लोक माफी मागत. त्या शांततेत मोहरी तडतडली की वाटायचं, आता मागून आईची हाक येईल. बाबा म्हणाले होते ते खरं होतं. तेवढं केलं की घर वाटायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे सगळी घड्याळं तासभर मागे करतात. मला ही गोष्ट माहीत नव्हती. त्या सकाळी मी कामावर तासभर आधीच जाऊन उभी राहिले आणि मेट्रनबाई हसल्या. मी खट्टू होऊन परत आले, म्हणून तो दिवस लक्षात राहिला. दुपारी वरण केलं. तेल तापवलं, मोहरी टाकली… आणि काहीच नाही.

दाणे तेलात लोळले, जागच्या जागी काळे पडले. एकही फुटला नाही.

“तेल तापलं नसेल,” मलर म्हणाली.

मी चिमूटभर जिरं टाकलं. जिरं लगेच फुललं, तपकिरी झालं, वास सुटला. म्हणजे तेल तापलेलं होतं. मी ते ओतून दिलं, पुन्हा तेल घातलं, चांगलं धुरावेपर्यंत थांबले, मोहरी टाकली. पुन्हा तेच. करपली, पण तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो, तापल्यावर त्याची वाफ होते आणि टरफल फुटतं, एवढं मला कळत होतं. मी ठरवलं की दाणे पार सुकले असावेत. मलर म्हणाली, “बघू दे मला.” तिनं माझ्याच हातातल्या बरणीतली चिमूट घेतली आणि त्याच पॅनमध्ये, त्याच तेलात टाकली. तडतड, तडतड! एक दाणा उडून तिच्या चष्म्यावर बसला. माझे दाणे तळाशी काळे, गप्प. तिचे त्यांच्याच शेजारी उड्या मारत होते.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग पोट धरून हसलो.

“प्रमिळा, ही तुझ्यावर रुसलीय. काय केलंस हिला?”

“मी काय करणार? माझ्या बाबांनी दिलीय.”

“मग बाबांना विचार!”

आम्ही खरंच हसत होतो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसत होतो.

त्याच आठवड्यात दिवाळी होती. मी मेट्रनबाईंची परवानगी काढून घरातल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी चिवडा करायचं ठरवलं होतं. पोहे मिळेनात, म्हणून कॉर्नफ्लेक्स आणले, शेंगदाणे आणले. सकाळपासून उत्साहात होते. तेल तापलं, मी मोहरी टाकली, आणि ती मेल्यासारखी पडून राहिली. मग मात्र मला रडू कोसळलं. थंड दूध, ओले मोजे, पामेला — सगळं सगळं त्या पॅनवर निघालं. मी रडत रडत म्हटलं, “निदान दिवाळीला तरी…” मलरनं माझ्या हातातून झारा काढून घेतला, मला स्टुलावर बसवलं आणि चिवडा तिनं केला. तिच्या हातची मोहरी पहिल्या झटक्यात फुटली. मी खाल्लासुद्धा नाही. तिला म्हटलं, पोट बिघडलंय.

“आता फोडणी माझ्याकडे,” ती म्हणाली. “तू फक्त तांदूळ धू.” आणि त्यानंतर रोज तीच रांधायची, मला ताट वाढून द्यायची. मी मधूनच हट्टानं एखादी चिमूट टाकून बघायची. नाहीच. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी मी सहज, काही आशा न ठेवता दाणे टाकले, तर पहिल्यासारखे फटाफट फुटले! एक गालाला चटका देऊन गेला. मलरनं टाळ्या वाजवल्या. पुढे वर्षभर कधीही तसं झालं नाही, आणि त्याआधीही कधी झालं नव्हतं. मोहरी तीच, बरणी तीच.

मी हा सगळा किस्सा घरी लिहून कळवला. माझी पत्रं म्हणजे गाऱ्हाण्यांची यादीच असायची. त्यात न्हाणीघरातला गालिचा, घड्याळाची फजिती आणि मोहरीचा रुसवा, सगळं गमतीनं लिहिलं होतं. उत्तर दादाचं आलं. सर्व खुशाल. बाबांचा हात मुरगळला आहे म्हणून ते खाली चार ओळी लिहू शकत नाहीत, काळजी करू नये. पुढच्या पत्रात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी विश्वास ठेवला. माझा दादा कधी खोटं बोलत नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी परतले. मुंबईहून येणारी गाडी पुलगावला थांबली तेव्हा ऊन तापलं होतं. फलाटावर दादा एकटाच होता. मी त्याच्यामागे बघत होते.

“बाबा?”

त्यानं माझ्या हातातली पेटी घेतली, खाली ठेवली आणि बाकावर बसला. “बस, प्रमे.”

“घरी चाल ना. इथं काऊन बसायचं?”

“बाबा नाईत.”

“नाईत म्हंजे? कुठं गेलते?”

मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, देवळीला गेले असतील, कुणाच्या लग्नाला. दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. तो पेटीच्या कडीशी बोटांनी खेळत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“दिवाळीत गेले. धनतेरसच्या सकायी. छातीत दुखलं म्हणाले, अन् अर्ध्या तासात… तुले तार करतो म्हटलं तं त्यायनंच नाई म्हटलं. म्हणे, पोरीले बोलावू नोका, तिचं वर्ष मोडू नोका. ते बोलले, मंग आमी कसं सांगावं?”

घरी पोचल्यावर मला आधी अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ घातली. घरातलं माणूस गेल्याचं उशिरा कळलं की तसंच करतात. बादली होती, तांब्या होता, कोमट पाणी होतं. आई पाणी ओतत होती आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. मग बायका जमल्या. रडणं झालं. बायका गेल्या. उरलो आई, मी आणि आत्या.

आत्या भावासाठी तुटलेली होती, आणि तिचं दुःख नेहमी जिभेवर यायचं. ती म्हणाली, “लग्न नाई झालेली लेक, तिले बापाचं पुरं सुतक. इथं आमी तेरवीपर्यंत चुलीवर कढई नाई चढवली. घरात फोडणी नाई पडली. शेजारचे आणून देत तेच खाल्लं. अन् हे तिकडं दिवाळी करून राह्यलीती.”

तेव्हा माझ्या डोक्यात काही जुळलं नाही. फक्त चिवडा आठवला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, “खरं आहे, आई. मी चिवडा केला. बाबा गेल्याच्या त्याच आठवड्यात. मी हसत होते, आई… आम्ही खूप हसलो.”

मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. बाबा गेले हे दुःख होतंच. पण मी त्यांच्यासाठी एक दिवसही रडले नाही, एक घासही सोडला नाही, ते गेलेले असताना मी पायमोजे वाळत नाहीत म्हणून चिडत होते… हे माझ्याच्यानं सोसवत नव्हतं. लेकीनं बापासाठी करायचं तेवढंही माझ्याकडून झालं नाही. आता ते कधी करायचं? ते दिवस तर निघून गेले होते.

तिसऱ्या दुपारी आई ताट घेऊन माझ्यासमोर बसली. आत्या दाराशी तांदूळ निवडत होती.

“चिवडा कोणं केला?” आईनं विचारलं.

“मीच.”

“तू नाई केला. तू लिवलंतं ना, तुया हातानं मोहरी फुटली नाई म्हणून. कवापासून नाई फुटली?”

“घड्याळं मागं केली त्या रविवारपासून.”

“तुये बाबा रविवारीच गेले.”

मी सरळ होऊन बसले.

“अन् फुटली कवा?”

“पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी…”

“शुक्रवारी तेरवी झाली. शनिवारी मी इथं कढई चढवली.” आई हे अगदी साध्या आवाजात बोलत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. “मंग इतके दिवस तुले करून कोणं घातलं?”

“मलरनं.”

“मंग? सुतकाच्या घरी शेजारीणच रांधते ना.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. “तुले नाई कळलं, पण तुया हाताले कळलं. तू बापाचं समदं पाळलं, बाई. घे, खा.”

दाराशी सुपाचा आवाज थांबला होता. आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि त्यानंतर ती मला त्याबद्दल जन्मात काही बोलली नाही.

मी जेवले. खूप दिवसांनी, पोटभर.

पुढे एम.एस्सी. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. दाण्यातला ओलावा, तेलाचं तापमान, हाताचा घाम, विजेचा कमी-जास्त दाब — कारणं शोधायला मी कमी केलं नाही. त्याच तेलात, त्याच वेळी, मलरची चिमूट का फुटली आणि माझी का नाही, याला यातलं एकही कारण पुरं पडत नाही. योगायोग म्हणावा, तर म्हणते. विद्यार्थ्यांना हे कधी सांगितलं नाही. मलरशी बरीच वर्षं पत्रं होती. मग तिच्या देशात गोंधळ सुरू झाला, तिची पत्रं यायची बंद झाली, आणि साक्षीला होतं तेही माणूस हरवलं.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी शांतपणे वाचेन.

पण रात्रंदिवस मनात घोळतं ते वेगळंच. आईनं माझं पत्र ऐकलं तेव्हाच तिला हे सगळं उमगलं होतं का? की त्या दुपारी, तीन दिवसांच्या उपाशी मुलीपुढे ताट घेऊन बसलेली असताना, मला चार घास जावेत म्हणून तिनं ते तिथल्या तिथं जुळवलं? इतकी वर्षं ती माझ्यासमोर होती. कितीदा विचारावंसं वाटलं, आणि दर वेळी वाटलं, राहू दे, पुन्हा कधीतरी विचारू.

आता विचारायला आई नाही.